मोक्का की युएपीए: आधी कुठला कायदा पक्का करायचा?

फौजदारी बाजूला नव्याने उतरलेल्या वकिलाने मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) आणि युएपीए (बेकायदा कारवाया आणि दहशतवादाविरुद्धचा केंद्राचा कायदा) दोन्ही वाचायचेच आहेत. प्रश्न आधी कुठला, एवढाच. बाहेर दोघांची ख्याती एकच: आत गेला की जामीन विसरा. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंतची मुदत दोन्हीकडे मिळू शकते. खरा फरक इतरत्र आहे.

मोक्का १९९९चा, मुंबईतल्या टोळ्यांसाठी केलेला. तो लावायला टोळी दाखवावी लागते आणि मागच्या दहा वर्षांत त्या टोळीवर एकाहून जास्त आरोपपत्रं हवीत, न्यायालयाने दखल घेतलेली. वर डीआयजींची पूर्वपरवानगी. युएपीएला असा पूर्वेतिहास लागत नाही. कायदा १९६७चा, पण दात फुटले २००४ आणि २००८च्या दुरुस्त्यांत. बंदी घातलेल्या संघटनेचं नुसतं सदस्यत्वही गुन्हा ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये स्पष्ट केलं.

जामिनात मोक्काची भाषा जास्त कडक वाटते: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण हवं. पण तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात, २००५मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तिची धार बरीच बोथट केली. युएपीएत आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की दार बंद, आणि २०१९च्या वटाली निकालानंतर पुरावा जामिनाच्या टप्प्यावर तोलूनही बघता येत नाही. २०२१च्या नजीब निकालाने वर्षानुवर्षं रखडलेल्या खटल्यांत थोडी वाट दिली, तेवढीच.

मोक्काचं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे कबुलीजबाब. एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. युएपीएत पोलिसांसमोरची कबुली चालत नाही. ७/११च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात २०१५च्या शिक्षांचा मोठा आधार हेच जबाब होते. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. वेगवेगळ्या जबाबांतला मजकूर सारखाच आढळल्याचं निकालात आहे. (हा निकाल दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली, युक्तिवाद करताना हे विसरू नका.) मालेगाव २००८च्या खटल्यात उलटं घडलं: मोक्का गळला आणि त्याखाली घेतलेले जबाबही निरुपयोगी झाले. उरला युएपीए, तर त्याखाली खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी मंजुरीतच दोष निघाला.

पुण्या-ठाण्याच्या सत्र न्यायालयात बसणार असाल तर माझं मत सरळ मोक्काच्या बाजूने. कामही तिथे जास्त, आणि जबाब कसा फोडायचा हे तिथेच शिकाल. दहशतवादाच्याच केसेस करायच्या ठरवल्या असतील तर युएपीए आधी घ्या, आणि त्यातही मंजुरीचे २००८चे नियम: शिफारशीला कामकाजाचे ७ दिवस, मंजुरीला आणखी ७. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली, तेव्हा फाइल हातात आली की आरोपपत्राच्या आधी त्या दोन तारखा बघा.