एक चित्र, कॅरोसेल की रील? ठाण्यातल्या छोट्या व्यवसायानं जाहिरातीसाठी काय निवडावं

नौपाड्यात घरून मोदकांच्या ऑर्डर घेणाऱ्या ताई, राम मारुती रोडवरचं साडीचं दुकान आणि घोडबंदर रोडला मॉड्युलर किचन बसवून देणारा, तिघांनाही फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीसाठी हल्ली एकच सल्ला मिळतो: ‘रील टाका.’ तिघांची गरज मात्र वेगवेगळी आहे. फोन करण्याआधी गिऱ्हाईकाला काय बघून खात्री करायची असते, त्यावर जाहिरातीचा प्रकार ठरवावा.

मोदकांना एकच चित्र पुरतं. उकडीचा मोदक म्हणजे काय, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. केवढ्याला आणि ऑर्डर कधीपर्यंत, एवढंच हवं असतं. चित्र चौकोनी न करता १०८० बाय १३५० पिक्सेलचं करा. रुंदी तीच राहते, उंची सव्वापट होते आणि पडद्यावर तेवढी जास्त जागा मिळते. केळीच्या पानावर अकरा मोदकांची गर्दी नको. तीन पुरेत, त्यातला एक फोडलेला, सारण दिसणारा. उजेड मागून किंवा बाजूनं घ्या, म्हणजे पाकळ्यांच्या कडा उठतात आणि वाफही दिसते. समोरून फ्लॅश मारलात तर तोच मोदक पिठाच्या गोळ्यासारखा सपाट दिसतो.

चित्रावर तीनच गोष्टी लिहा: नाव, ११ नगांचा भाव, शेवटची तारीख. चित्रावर २० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर नको, हा फेसबुकचा नियम २०२० मध्ये गेला, पण म्हणून त्याचा फ्लेक्स करू नका. फोनवर हे अख्खं चित्र जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसतं, म्हणजे ४५ पिक्सेलचं अक्षर तीन मिलिमीटरचं. त्याहून बारीक झालं की अनुस्वार आणि रफार पुसट होतात.

प्रकार कुठलाही निवडा, मराठी अक्षरांची हेळसांड होऊ देऊ नका. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. इंग्रजीच्या हिशेबानं ओळी जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या आसपास ठेवा. फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल, तर ‘किंमत’मधली वेलांटी क च्या डावीकडे न येता उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधला मजकूर चिकटवला तर निव्वळ कचरा उमटतो. मुक्ता किंवा बलू हे फॉण्ट मोफत मिळतात आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात.

साडीच्या दुकानाला एक चित्र अपुरं पडतं, कारण तिथे गिऱ्हाईकाला निवड करायची असते. म्हणून कॅरोसेल, म्हणजे बोटानं बाजूला सरकवत बघायची चित्रांची माळ: २ ते १० कार्डं आणि प्रत्येक कार्डाला स्वतंत्र लिंक. पहिल्या कार्डावर दुकानाचा लोगो टाकून जागा घालवू नका. सगळ्यात देखणा पदर तिथे हवा. सगळी कार्डं एकाच मापाची, एकाच पार्श्वभूमीवर, एकाच उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली रंग हिरवट पडतो, मग राणी रंगाची पैठणी घरी पोचल्यावर वेगळीच निघते आणि साडी परत येते. दिवसा खिडकीपाशी फोटो काढा, पहिल्या फोटोत शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा आणि त्यावरून सगळ्या फोटोंचा रंग दुरुस्त करा. आणखी एक ठिकाण चुकण्याचं: जास्त चालणारं कार्ड आपोआप पुढे आणण्याची सोय जाहिरात बनवताना दिलेली असते. सुट्या साड्यांना ती चालेल. पदर, मग काठ, मग बुट्टे असा क्रम लावला असेल तर मात्र ती बंद करा.

रीलला खरा अर्थ किचनवाल्याकडे आहे. ड्रॉवर अलगद बंद होतो, कोपऱ्यातलं कपाट वळून बाहेर येतं, हे फोटोत कळणारच नाही. आकार १०८० बाय १९२०, लांबी १०-१५ सेकंद आणि पहिल्या दोन सेकंदांतच ड्रॉवर हलताना दिसला पाहिजे. वरचे साधारण २७० आणि खालचे ६७० पिक्सेल मजकुराविना ठेवा. तिथे ॲपची स्वतःची नावं आणि बटणं येतात. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानं बघणारा आवाज बंदच ठेवतो, त्यामुळे जे बोलाल ते अक्षरांतही हवं. घरातल्या दिव्यांखाली व्हिडिओत पट्टे फिरतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (मापं हातानं ठरवायची सोय) लावून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की ते जातात. गाजलेलं सिनेमाचं गाणं लावू नका. अशी रील बहुतेक वेळा पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवताच येत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा, तिच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत वापरा.

मेहनतीचा फरकही मोठा. भाव बदलला तर चित्र दहा मिनिटांत नवं होतं. रीलमध्ये भाव लिहिला असेल तर पुन्हा एडिटिंगला बसावं लागतं. म्हणून रीलवर भाव लिहूच नये, तो खालच्या मजकुरात द्यावा. चित्र स्टोरीतही दाखवायचं असेल, तर त्यासाठी उभं चित्र वेगळं चढवा, नाहीतर वरखाली रिकाम्या पट्ट्या येतात.

हाताशी थोडेच पैसे असतील तर आमचं मत एका चित्रापासून सुरुवात करण्याचं आहे. दोन चित्रं करा, त्यांत एकच गोष्ट वेगळी ठेवा, समजा एकात फोडलेला मोदक आणि दुसऱ्यात अख्खा. दोन्ही एकाच भागात, सारख्याच पैशांत निदान सात दिवस चालवा आणि लाइक न मोजता आलेले मेसेज मोजा. मध्येच चित्र बदललंत तर जाहिरात कुणाला दाखवायची हे तिची यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागते, म्हणून मोदकांची ही चाचणी श्रावणातच उरकून घ्या.