लिस्टनच्या सहीचा ग्लोव्ह आणि शिवलेला अंगठा

मागच्या वर्षी मी 1960 च्या दशकातला अमेरिकी हेवीवेट विजेता सॉनी लिस्टन याच्या सहीचा म्हणून विकला जाणारा एक बॉक्सिंग ग्लोव्ह विकत घेतला आणि त्यात माझी दोन वर्षांची शिल्लक गेली. ग्लोव्ह खोटा होता, सही खोटी होती आणि सोबत आलेले प्रमाणपत्रही विक्रेत्यानेच छापलेले होते. जुन्या मुष्टियोद्ध्यांच्या वस्तू जमवणाऱ्यांपैकी जे लोक स्वतःला जाणकार समजतात, त्यांनी हे विशेष लक्ष देऊन वाचावे अशी माझी विनंती आहे. मी या खेळाचा इतिहास गेली वीस वर्षे वाचत आलो आहे आणि त्या वाचनाचाच विक्रेत्याने माझ्याविरुद्ध उपयोग करून घेतला.

या माणसाने पहिल्या दिवशी ग्लोव्ह पुढे केला नाही. आमची ओळख झाल्यावर त्याने मला 1950 च्या दशकातली मुष्टियुद्धाची दोन मासिके विकली. ती अस्सल होती, वाजवी किमतीत होती आणि नीट बांधून वेळेवर आली. त्यानंतर काही महिने त्याने काहीच विकले नाही. तो फक्त बोलत राहिला, आणि त्याचे बोलणे ऐकत राहावे असे होते. जुन्या लढतींच्या तारखा, फेऱ्या, पंचांचे निर्णय त्याच्या जिभेवर होते. मात्र त्याचा खरा विषय होता तो रिंगबाहेरच्या आयुष्याचा, म्हणजे लाखो लोकांसमोर जिंकलेल्या माणसाच्या हाती शेवटी काय उरले याचा.

हा विषय खोटा नाही, आणि माझ्या फसण्याचे मूळ तिथेच आहे. जो लुईने 1937 ते 1949 अशी जवळजवळ बारा वर्षे हेवीवेटचे जगज्जेतेपद राखले आणि त्या काळात 25 वेळा ते यशस्वीपणे वाचवले. 1942 मध्ये त्याने दोन लढतींचे मानधन नौदल आणि लष्कर यांच्या साहाय्यनिधीला दिले. त्याच माणसाच्या डोक्यावर पुढे कराच्या थकबाकीचा असा डोंगर झाला की निवृत्तीनंतर त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरावे लागले. 1951 च्या ऑक्टोबरमध्ये रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांमधून बाहेर फेकले. नंतर त्याने पैशांसाठी कुस्तीचे प्रयोग केले आणि अखेरची वर्षे लास वेगासच्या एका कॅसिनोत आलेल्या पाहुण्यांचे स्वागत करण्यात घालवली. प्रिमो कार्नेरा 1933 मध्ये हेवीवेट विजेता झाला, पण त्याच्या भोवतीच्या गुंडांनी त्याच्या कमाईतला फार थोडा हिस्सा त्याच्या हाती पडू दिला. प्रवर्तक (लढती भरवणारे) आणि व्यवस्थापक यांच्या लबाडीला आळा घालण्यासाठी अमेरिकेत 2000 साली मोहम्मद अलीच्या नावाने कायदा करावा लागला. एका लढतीतून प्रवर्तकाला काय मिळते हे त्या लढवय्याला सांगणे त्या कायद्याने बंधनकारक केले. हे सारे मला ठाऊक होते आणि त्याला ते माझ्याइतकेच ठाऊक होते. त्यामुळे जेव्हा त्याने अशाच घडणीची एक नवी गोष्ट सांगितली, तेव्हा ती तपासून पाहावी असे मला वाटलेच नाही. मी आधीपासून मानत असलेल्या शंभर खऱ्या गोष्टींच्या शेजारी ती अगदी सहज बसली.

ती गोष्ट अशी होती. लढतीच्या वेळी रिंगमध्ये लिस्टनच्या कोपऱ्यात काम केलेल्या एका मदतनिसाचे पैसे थकले होते. लिस्टनची कमाई त्याच्या मालकांच्या खिशात जात असल्यामुळे त्याच्याकडे रोख रक्कम नव्हती, म्हणून त्याने पैशांऐवजी सही केलेला सरावाचा ग्लोव्ह दिला. तो आजवर त्या कुटुंबाच्या ट्रंकेत होता आणि आता आजारपणामुळे विकावा लागत होता.

लिस्टनचे आयुष्य ज्यांना माहीत आहे त्यांना ही गोष्ट का खरी वाटेल हे सांगायला हवे. आर्कान्सामधल्या एका गरीब शेतमजूर कुटुंबात तो जन्मला. त्याच्या जन्माची विश्वसनीय नोंदही नाही. मिसुरीच्या तुरुंगात तो मुष्टियुद्ध शिकला. संघटित गुन्हेगारीतल्या माणसांनी त्याच्या करारावर ताबा मिळवला आणि 1960 मध्ये त्याला अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीपुढे साक्षीला बसावे लागले. 25 सप्टेंबर 1962 रोजी शिकागोत त्याने तेव्हाचा विजेता फ्लॉइड पॅटरसन याला पहिल्याच फेरीत झोपवले आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये लास वेगासला तेच पुन्हा केले, पण या विजेत्याचे लोकांनी कधी मनापासून स्वागत केले नाही. 25 फेब्रुवारी 1964 रोजी मायामी बीच शहरात कॅशियस क्लेसमोर (म्हणजे पुढच्या मोहम्मद अलीसमोर) तो सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठला नाही आणि जगाने त्याला तेवढ्यावरच लक्षात ठेवले. 5 जानेवारी 1971 रोजी लास वेगासच्या घरात तो मृतावस्थेत सापडला. त्याच्या थडग्यावर नाव, वर्षे आणि ‘एक माणूस’ एवढ्याच अर्थाचे शब्द आहेत. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. मी लिस्टनसाठी हळवा आहे हे मी त्या विक्रेत्याला स्वतःच सांगितले होते, तेही ग्लोव्हचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी.

त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत तपकिरी रंगाचा, भेगाळलेल्या चामड्याचा ग्लोव्ह होता. मनगटापाशी सही, तिच्यावर ‘माझ्या मित्रास, मनःपूर्वक सदिच्छांसह’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि खाली 1963 हे साल होते. सोबत चमकणारा होलोग्राम लावलेले प्रमाणपत्र होते. दुसरा ग्राहक तयार आहे, पण वस्तू कदर करणाऱ्याच्या घरी जावी अशी त्या कुटुंबाची इच्छा आहे, असे त्याने कळवले आणि दोन दिवसांची मुदत दिली. खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गाने पैसे पाठवण्याऐवजी मी ते थेट त्याच्या खात्यात भरावेत, कारण त्या मार्गाचे शुल्क आजारी माणसाच्या पैशांतून कापले जाईल, असेही त्याने सुचवले. मी थेट पैसे भरले. आज मागे वळून पाहताना यातले प्रत्येक वाक्य मला खटकते, पण तेव्हा मात्र आपल्या हातून एक चांगले काम होत आहे असे मला वाटत होते.

चार महिने तो ग्लोव्ह काचेच्या कपाटात राहिला. मग एकदा ओळखीचे एक वृद्ध प्रशिक्षक घरी आले. त्यांनी उभे आयुष्य मुलांच्या हातांना पट्ट्या बांधण्यात घालवले आहे. मी तो ग्लोव्ह मोठ्या अभिमानाने त्यांच्या हातात दिला. त्यांनी सहीकडे पाहिलेच नाही. सवयीप्रमाणे हात आत घातला, मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताने ग्लोव्हचा अंगठा बाहेरच्या बाजूला ओढला. अंगठा हलला नाही. अंगठ्याचे टोक आणि मुठीचा भाग यांच्यामध्ये बोटभर रुंदीची चामड्याची एक पट्टी शिवलेली होती. त्यांनी मला एवढेच विचारले, “हा कोणत्या सालचा म्हणालात?”

1963, असे मी म्हणालो आणि म्हणतानाच मला कळले. जुन्या ग्लोव्हमध्ये अंगठा मोकळा असे, आणि तो समोरच्याच्या डोळ्यात जाऊन, कधी चुकून तर कधी मुद्दाम घातल्यामुळे, अनेकांची दृष्टी गेली. हॅरी ग्रेब 1920 च्या दशकात मिडलवेट विजेता होता तेव्हा त्याच्या एका डोळ्याने त्याला दिसत नव्हते आणि तरीही तो लढतच होता. या दुखापती टाळण्यासाठी अंगठा मुठीला जोडून शिवण्याची पद्धत रिंगमध्ये रूढ झाली ती 1980 च्या दशकात. लिस्टनला जाऊन तोवर दहा वर्षे उलटली होती. ग्रेबच्या डोळ्याबद्दल मी अनेकांना रंगवून सांगत असे, पण कपाटातल्या ग्लोव्हचा अंगठा मी चार महिन्यांत एकदाही ओढून पाहिला नव्हता.

प्रशिक्षक गेल्यावर मी भिंग घेऊन बसलो. चामडे खरोखर जुने असते आणि सही त्याच काळातली असते, तेव्हा पुढे पडत गेलेल्या भेगा शाईच्या रेघेला तोडत जातात आणि भेगेच्या पोटात कोरे चामडे दिसते. इथे उलट होते. शाई भेगांत उतरली होती आणि कडेने केसासारखी पसरली होती, म्हणजे भेगा आधीच्या आणि सही नंतरची. ओल्या फडक्याने आतली बाजू पुसली तर फडके तपकिरी झाले. वापरून जुन्या झालेल्या चामड्याचा रंग असा निघत नाही.

सगळ्यात जास्त लागून राहिली ती त्यावरची इंग्रजी ओळ. लिस्टनला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हते. शाळा त्याच्या वाट्याला आलीच नाही आणि सही करायलाही तो मोठेपणी, कष्टाने शिकला. हे मी किमान तीन ठिकाणी वाचले होते. तरीही त्याच्या हातची म्हणून मी एक वळणदार, सलग, कुठेही न अडखळणारी ओळ स्वीकारली. ज्या माणसाच्या दुःखाची मला कणव वाटत होती, त्याच्या आयुष्यातली सर्वांत मूलभूत गोष्ट मी खरेदीच्या वेळी विसरलो, कारण त्या ओळीतला ‘मित्र’ हा शब्द मला आवडला होता.

प्रमाणपत्राबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण त्यालाच भुलतात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव भारदस्त होते, पण चौकशी केल्यावर तिचा संपर्क क्रमांक आणि विक्रेत्याचा दुसरा क्रमांक एकच निघाला. होलोग्राम कोणालाही छापून मिळतो. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीस एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम चालवून खेळाडूंच्या खोट्या सह्या करणारी मोठी टोळी पकडली, तेव्हा त्या मालालाही प्रमाणपत्रे जोडलेली होती. जो विकतो तोच किंवा त्याचाच माणूस प्रमाणित करत असेल, तर त्या कागदात विक्रेत्याच्या शब्दापलीकडे काहीही नसते. हे प्रश्न मी पैसे भरण्याआधी विचारायला हवे होते: हा कागद कोणी दिला, तो विक्रेत्याशिवाय आणखी कोणाला उत्तरदायी आहे, आणि मी स्वतः शोधून काढलेल्या पत्त्यावर त्याच्याशी बोलू शकतो का?

मी विक्रेत्याला अंगठ्याचे छायाचित्र पाठवले. आधी त्याने सहानुभूती दाखवली. मग कुटुंबाकडून चूक झाली असावी, असे म्हणत त्याने बदली वस्तू देऊ केली. पैसेच परत हवेत असे मी ठामपणे कळवल्यावर, तुम्हीच ग्लोव्ह बदलला आहे आणि माझी बदनामी केलीत तर बघून घेईन, अशी त्याची भाषा सुरू झाली. आठवडाभराने त्याचे सर्व क्रमांक बंद झाले. पैसे मी स्वेच्छेने, थेट खात्यात भरलेले असल्यामुळे बँकेला काही करता आले नाही. पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे आणि सारे संदेश, छायाचित्रे, पावत्या त्यांच्याकडे दिल्या आहेत. ज्यांच्या बाबतीत असे घडले असेल त्यांनी संशय येताच, विक्रेत्याला काहीही कळवण्याआधी, सगळे संभाषण जपून ठेवावे. मी उलट केले, आणि मधल्या काळात त्याने आपल्या बाजूचे बरेच काही पुसून टाकले.

आता कोणी मला अशी वस्तू दाखवली तर सहीकडे मी सर्वांत शेवटी वळतो. आधी वस्तू स्वतः त्या काळातली आहे का ते पाहतो: अंगठा, शिवण, अस्तर, बांधणीच्या नाड्या, आतले लेबल. मग त्या माणसाचे आयुष्य तारखेशी ताडून पाहतो. क्लेने मोहम्मद अली हे नाव 1964 च्या मार्चमध्ये घेतले, म्हणून त्याआधीच्या तारखेखाली ‘अली’ अशी सही असेल तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. पार्किन्सनच्या आजाराने नंतर त्याचे अक्षर आक्रसत गेले, त्यामुळे त्याच्या म्हातारपणीच्या सह्या तरुणपणीसारख्या मोकळ्या आणि ऐसपैस दिसल्या तरी थांबावे. हे सगळे जुळल्यावरच, विक्रेत्याशी कसलाही संबंध नसलेल्या तज्ज्ञाला सही दाखवावी आणि त्याचे उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नयेत. विक्रेता तेवढा वेळ द्यायला तयार नसेल तर व्यवहार तिथेच सोडावा. आणि गोष्ट जितकी करुण असेल तितकी ती बाजूला ठेवून वस्तू पाहावी, हे मी फार मोठी किंमत मोजून शिकलो आहे.

तो ग्लोव्ह मी टाकून दिलेला नाही. माझ्या पश्चात कोणी तो पुन्हा खरा म्हणून विकू नये, यासाठी त्याच्या तळव्यावर न पुसणाऱ्या शाईने ‘बनावट’ असे ठळक लिहिले आहे. तीन आठवड्यांपूर्वी माझ्यासारख्याच एका संग्राहकाने मत विचारण्यासाठी एक छायाचित्र पाठवले. जो लुईची सही, 1948 हे साल, एका मदतनिसाचे कुटुंब, आजारपण आणि दोन दिवसांची मुदत. अंगठ्याजवळचा भाग छायाचित्रात कापलेला होता. मी त्याला तेवढाच भाग मागवून घ्यायला सांगितले. विक्रेत्याने तो पाठवला नाही, आणि त्या संग्राहकाने पैसे अजून भरलेले नव्हते.