काळ्या प्लास्टिकवरचं सिरॅमिक कोटिंग: एक पावसाळा, आणि अर्धी दगड झालेली बाटली

करड्या पडलेल्या प्लास्टिकवर लावायच्या सिरॅमिक कोटिंगची 30 मिलीची बाटली, 1,299 रुपये. म्हणजे एक मिली 43 रुपयांना पडलं. हा हिशोब आधीच मांडून ठेवतो, कारण पुढे कौतुक केलं तरी आणि बोटं मोडली तरी ती या 43 रुपयांच्या हिशोबानेच.

गाडी 2016 ची, पांढरी, चारही बाजूंनी काळ्या क्लॅडिंगची, म्हणजे खालच्या कडेला प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या लावलेली. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. शोरूममध्ये याच काळ्या पट्ट्यांमुळे गाडी दणकट वाटते, आणि सोलापूरचे चार-पाच उन्हाळे काढले की त्याच पट्ट्या राखेने घासल्यासारख्या दिसायला लागतात. आमच्या अपार्टमेंटला पार्किंग आहे, शेड नाही. गाडीचं तोंड पश्चिमेला असतं, त्यामुळे डावी बाजू दक्षिणेकडे येते आणि वर्षातला बराच काळ तीच भाजते. डावी पट्टी उजवीपेक्षा इतकी पांढरी झाली होती की दोन बाजूंचे फोटो शेजारी ठेवले तर वेगवेगळ्या गाड्या वाटाव्यात. डिटेलिंगवाल्याने, म्हणजे गाडी नव्यासारखी चकाचक करून देणाऱ्याने, नुसत्या प्लास्टिकचे 4,500 सांगितले. पेंटला हातही न लावता. तेव्हा ठरवलं, आपणच करू.

त्याआधीचे प्रयोग थोडक्यात. टायर पॉलिश, म्हणजे सिलिकॉनचं तेल: लावल्या लावल्या काळंभोर, पण आपल्याकडच्या धुळीत दुसऱ्याच दिवशी त्यावर मातीचा थर, आणि दोन धुण्यांत सगळं वाहून जातं. खोबरेल: तेच, शिवाय वास. वॉशिंग सेंटरवरचा पोरगा दर वेळी विचारायचा, "सर, डिझेल मारू का? एकदम काळं होतंय बघा." होतंय की. पण डिझेल दाराच्या रबराच्या बीडिंगला लागलं की ती हळूहळू फुगते, आणि बीडिंगचा सेट घ्यायला गेलात की डिझेल किती महाग पडलं ते कळतं. रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं बेलतेल त्यातल्या त्यात बरं, ते हवेत सुकून घट्ट होतं. मात्र त्याने भिजलेला फडका गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि असा फडका आपोआप पेट घेऊ शकतो. उघडा पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.

हीट गनबद्दल लोक फार विचारतात. बंपर वेल्डिंग करणाऱ्याने समोर करून दाखवलं. पांढऱ्या पट्टीवरून गरम हवा फिरवली की काळा रंग अक्षरशः पुढे सरकत जाताना दिसतो, बघायला मजा येते. पण ही पट्टी पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकची. ते 160 अंशांच्या आसपास वितळतं, आणि गनची हवा त्याच्या दुपटीहून गरम. म्हणजे वरचा थर वितळून सपाट होतो, म्हणून काळा दिसतो. हात जरा थांबला की पट्टीवरची रवाळ नक्षी गेली, आणि ती परत येत नाही. दर वर्षी तेच करत राहिलं तर प्लास्टिक कडक होऊन तडकतं. मी नको म्हटलं.

आता बाटलीकडे.

लावण्यापेक्षा साफ करणंच मोठं काम आहे, आणि बाटलीवर ते एका ओळीत उरकलंय. आधी शाम्पू, मग टूथब्रशने रवाळ खाचांमधली जुनी पॉलिश काढायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पेंटला वॅक्स करताना कडेला पांढरे ओघळ राहिले असतील तर पेन्सिलीचं साधं खोडरबर चालतं. हे सगळं झालं की पट्टी आधीपेक्षा जास्त पांढरी दिसते. घाबरू नका, आत्तापर्यंत जे थोडंफार काळं दिसत होतं ते जुन्या सिलिकॉनचं होतं. या वेळी ओलं बोट फिरवून बघा. ओली जागा काळी झाली तर कोटिंग काम करणार. ओली असूनही पांढरीच राहिली तर तो बोअरच्या पाण्याचा क्षार किंवा वॅक्स आहे, परत घासा. आमच्याकडे बोअरचंच पाणी, त्यामुळे डाव्या मागच्या दाराला हे दोनदा करावं लागलं.

पुसायला मायक्रोफायबरच वापरा. सोलापुरात राहून टॉवेल सोडून दुसरं काही विकत घ्यायचं म्हणजे जिवावर येतं, एमआयडीसीत सेकंडचे टॉवेल किलोवर मिळतात. पण टॉवेलच्या धाग्यांची वेटोळी रवाळ प्लास्टिकमध्ये अडकतात आणि त्याचा कापूस कोटिंगखाली कायमचा बसतो. उजव्या आरशाखाली माझ्याकडे त्याचा नमुना आहे.

लावायला सोपं. फोमच्या ठोकळ्यावर फडक्याचा तुकडा गुंडाळायचा, चार-पाच थेंब, आडवं-उभं फिरवायचं आणि मिनिटभरात जास्तीचं टिपून घ्यायचं. टिपायचं राहिलं तर तिथे चकाकता डाग पडतो. पट्टी गार हवी, म्हणून संध्याकाळी केलं. रात्रभर आणि पुढचा दिवस पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी गाडी बघून मीच खूश झालो. तेलकट चकाकी नाही, हात लावला तर बोट काळं होत नाही, मूळ फॅक्टरीचा असतो तसा मंद काळा. धूळ बसते, पण फडक्याच्या एका फटक्यात निघते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. सोसायटीत दोघा-तिघांना सांगूनही टाकलं.

पावसाळा संपल्यावर त्यातला एक कमी केला, कारण वायपरखालची जाळी. मेकॅनिक तिला काऊल म्हणतात. दारं, बंपर, चाकांवरच्या कमानी सगळं अजून काळं होतं, पाणी थेंबाथेंबाने घरंगळत होतं, आणि ही एकटी जाळी पुन्हा करडी. तीही सलग नाही, वायपरच्या पात्याखालचा पट्टा काळा आणि बाकी चट्टे. ड्रायव्हिंग सीटवर बसलं की समोर तेवढंच दिसतं. दारं बाहेरच्यांना दिसतात, जाळी मला दिसते! ऑक्टोबरभर मी याच एका गोष्टीवर कुरकुरत होतो. घरातले म्हणाले, रस्त्याकडे बघून गाडी चालवा.

दिवाळीच्या सुमारास एसीच्या कामासाठी मेकॅनिकने ती जाळी काढली आणि उलटी करून बोनेटवर ठेवली. मागची बाजू कुळकुळीत काळी, नवी कोरी. त्यावर साच्यातच उठवलेली अक्षरं: पीपी, टीडी 20. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, आणि टीडी 20 म्हणजे त्यात वजनाने 20 टक्के टाल्कची पूड. टाल्क म्हणजे पांढरीच माती, आपल्या टाल्कम पावडरमधली. काळा रंग येतो तो त्यात अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं प्लास्टिक तुटत जातं, सूक्ष्म तडे पडतात, आतली पूड उघडी पडते आणि त्या खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश विखुरला की डोळ्याला पांढरं दिसतं. रंग उडालेला नसतो, वरचा पापुद्रा खराब झालेला असतो. ओलं बोट फिरवल्यावर काळं दिसतं ते त्यामुळेच: पाणी ते खड्डे तात्पुरते भरतं, कोटिंग जरा जास्त काळ भरून ठेवतं.

हे समजल्यावर जाळीवरचा राग बराच निवळला. दार उभं असतं, त्याला ऊन तिरपं लागतं. जाळी जवळजवळ आडवी, भर दुपारचं ऊन थेट तिच्यावर. खालून इंजिनची धग, वरून काच धुवायचा साबण आणि वायपरने लोटलेली माती. तिथे कोणतंही कोटिंग लवकरच हरणार. एक गुण परत दिला.

मग म्हटलं, बाटली निम्मीसुद्धा संपलेली नाही, जाळीला आणखी एक हात देऊ. ड्रॉवरमधून बाटली काढली, झाकण फिरेना. पक्कड लावून उघडलं तर आत दगड. काचेच्या बाटलीत पिवळट खडा, हलवला की खुळखुळतो. हे कोटिंग हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, तोच त्याचा गुण. पण एकदा झाकण उघडलं की बाटलीतही तेच सुरू होतं. झाकण पक्कं लावलेलं होतं, बाटली अंधाऱ्या जागी होती, काही उपयोग झाला नाही. माझ्या पूर्ण क्लॅडिंगच्या गाडीला 13-14 मिली पुरलं. उरलेले 16 मिली, म्हणजे जवळपास 690 रुपये, खुळखुळ्यात.

बाटलीवर याबद्दल काही लिहिलंय का? लिहिलंय. खोक्याच्या आतल्या पत्रकावर, मुंगीएवढ्या अक्षरात: उघडल्यावर लवकरात लवकर वापरा. लवकर म्हणजे किती, ते नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवला. उत्तर आलं, बाटली उघडतानाचा व्हिडिओ आहे का? अहो, बाटली मे महिन्यात उघडली, तेव्हा ती चांगली होती, म्हणून तर गाडीला लावली! पुन्हा तेच उत्तर, शेवटी एक हसरा चेहरा. तिसऱ्यांदा लिहिलं की परतावा नको, फक्त 15 मिलीची बाटली का काढत नाही ते सांगा. त्यावर "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." माझ्या 690 रुपयांइतका तरी असावा.

नाकाच्या थेंबांची बाटली 10 मिलीची मिळते, मग हिची का नाही? ज्याच्याकडे फक्त बंपर आणि आरसे काळे आहेत त्याला पाच-सहा मिली पुष्कळ झालं. त्याने 30 मिली घ्यायचं आणि 24 मिलीचा खडा करून ठेवायचा? वस्तू उत्तम आहे, विकायची पद्धत लुटीची आहे. पाच गुणांवरून साडेचारवर आणतो, आणि तो अर्धा गुण निव्वळ बाटलीचा आहे.

आता दुसरा उन्हाळा सुरू झालाय. सध्याची स्थिती अशी: दारं आणि कमानी नव्यासारख्या नाहीत, पण कोटिंगआधी होत्या त्यापेक्षा कितीतरी काळ्या. डावी बाजू थोडी उतरली आहे, उजवी जवळपास तशीच. मागचा बंपर सर्वात चांगला. जाळीवर सिरॅमिक वाया घालवणं सोडून दिलं. तिच्यासाठी पाण्यात विरघळणारं साधं ट्रिम ड्रेसिंग, 250 रुपयांची बाटली. महिन्यातून एकदा गाडी धुतल्यावर दोन मिनिटांचं काम, आणि ती बाटली दगड होत नाही. नवी जाळीही विचारून बघितली. ओरिजिनलची किंमत ऐकून फोन ठेवला, डुप्लिकेट स्वस्त आहे पण मेकॅनिकच म्हणाला की दीड वर्षात हीच गत. स्प्रे पेंटचं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, पॉलिप्रोपिलीनवर रंग धरत नाही. खाली खास प्लास्टिकचा प्रायमर नसेल तर पापडी निघते, आणि मग करडी पट्टीच बरी होती असं वाटतं.

घ्यावं का? पूर्ण काळ्या क्लॅडिंगची गाडी उन्हात उभी राहत असेल तर घ्या, पण एकट्याने घेऊ नका. आम्ही या वेळी वर्गणी काढली आहे. एक बाटली, दोन मोठ्या गाड्या आणि एक छोटी हॅचबॅक, तिन्ही एकाच रविवारी संध्याकाळी, झाकण एकदाच उघडायचं. मोठ्या गाडीला 550, हॅचबॅकला 199. अल्कोहोल आणि टूथब्रश ज्याचे त्याने आणायचे. हॅचबॅकवाले म्हणतात 199 जास्त होतात, त्यांच्या गाडीला नुसते दोन आरसे आणि मागची एक पट्टी आहे. मी 150 वर यायला तयार आहे, पण मग साफसफाई त्यांची त्यांनी करायची.