मतदार यादीपासून नमुना मतपत्रिकेपर्यंत : आमच्या प्रभागातले एक झेरॉक्सचे दुकान

पुणे महानगरपालिकेसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. त्याआधीचे जवळजवळ दोन महिने आमच्या भागातले आम्ही पंधरा-वीस रहिवासी मतदार यादी तपासणे, हरकती भरून देणे आणि उमेदवारांची माहिती घरोघर पोहोचवणे या कामांत होतो. या काळात ज्या दुकानाच्या पायऱ्या आम्ही सर्वांत जास्त झिजवल्या, त्याविषयी हा अभिप्राय आहे. दुकान सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीत, पिठाची गिरणी आणि केशकर्तनालय यांच्या मधल्या लहानशा गाळ्यात आहे. दोन झेरॉक्स यंत्रे, एक रंगीत प्रिंटर, डीटीपीसाठी एक संगणक आणि बाहेर एक बाक, एवढाच पसारा. नाव देत नाही, कारण निवडणुकीत सगळ्याच पक्षांची कामे तिथे येतात आणि मालकांनी स्वतःच तशी विनंती केली.

पहिले काम मतदार यादीचे होते. प्रभागनिहाय प्रारूप यादी 20 नोव्हेंबरला प्रसिद्ध झाली, तेव्हा हरकतींसाठी अवघा आठवडा होता; पुढे ती मुदत 3 डिसेंबरपर्यंत वाढली. चार सदस्यांचा एक प्रभाग म्हणजे सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी हजार मतदार आणि एका पानावर तीस नावे धरली, तरी यादी अडीच हजार पानांच्या पुढे जाते. आम्ही आमच्या सोसायट्यांपुरते भाग काढून घेतले, ते पाठपोट सव्वादोनशे कागद झाले. दुकानातल्या मुलाने ते सांगितल्या वेळेत दिले खरे, पण दोन भागांची पाने एकमेकांत मिसळली होती आणि ती लावण्यात आमची एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी मालकांनी न सांगता प्रत्येक भागाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून दुसरा संच दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्या संचावरच आम्हाला समजले की एका सोसायटीच्या दोन इमारती शेजारच्या प्रभागात गेल्या आहेत आणि नावापुढे दुबार असल्याची दोन फुल्यांची खूण असलेल्यांपैकी काही जण केवळ नामसाधर्म्यामुळे तिथे अडकले आहेत. या टप्प्यावर नवे नाव घालता येत नव्हते. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेले नाव मात्र परत आणता येत होते. त्यासाठी प्रत्येकाचा अर्ज आणि ओळखपत्राची प्रत लागत असल्यामुळे शेवटचे तीन दिवस बाहेरचा बाक हेच आमचे कार्यालय झाले.

डीटीपीविषयी मात्र तक्रार आहे. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिला होता, तर दुकानातल्या संगणकावर अजून जुना फाँट चालतो. रूपांतर करताना रफार उडाले आणि ‘कार्यालय’चे ‘कायालय’ झाले. पहिल्या मुद्रितात अशा अकरा चुका निघाल्या, दुसऱ्यात तीन. मराठी मजकुराचे काम असेल, तर पीडीएफ स्वतः तयार करून न्यावी.

या दुकानाचे खरे मोल मला उमेदवारांच्या माहितीपत्रकाच्या वेळी कळले. चिन्हवाटप 3 जानेवारीला झाले आणि प्रचार 13 तारखेच्या संध्याकाळी संपणार होता, म्हणजे हाती पुरते अकरा दिवसही नव्हते. प्रतिज्ञापत्रांतून शिक्षण, मालमत्ता, दाखल गुन्हे आणि व्यवसाय एवढ्याच रकान्यांचा तक्ता आम्ही केला होता. मालकांनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि विचारले, “ताई, यातला तुमचा उमेदवार कोण?” कोणीच नाही म्हटल्यावर त्यांना ते पटेना. 2007 साली मुंबईत जुहूच्या रहिवाशांनी अडॉल्फ डिसोझा यांना आपल्यातून निवडून नगरसेवक केले, ते उदाहरण आमच्या बैठकीतही निघाले होते. परंतु तिथे एका वॉर्डातून एकच जागा होती. इथे ऐंशी हजारांच्या प्रभागात चार जागांसाठी माणसे उभी करण्याची आमची ऐपत नव्हती, हे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांनी कपाटातून एक छापील कागद काढला. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांसाठी 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 127-क आहे. त्यानुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ते हवेत, प्रकाशकाचे दोन साक्षीदारांसह घोषणापत्र हवे, आणि हाताने उतरवलेली प्रत सोडली, तर प्रती वाढवण्याची कोणतीही रीत, अर्थात झेरॉक्ससुद्धा, छपाईच समजली जाते. निवडणूक कोणतीही असो, आपण हाच नियम पाळतो आणि त्यातून कोणाला सूट नाही, असे ते म्हणाले. मला तेव्हा थोडा राग आला, कारण आमचे दोन साक्षीदार कामावरून परत येईपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजले. नंतर एका कार्यकर्त्याने हे पत्रक कोणाच्या पैशाने निघाले, असे दरडावून विचारले, तेव्हा खालची ओळ दाखवून पुढचे बोलणेच थांबवता आले.

चौथे काम रंगीत नमुना मतपत्रिकांचे. याआधीची महापालिका निवडणूक फेब्रुवारी 2017 मधली. 2022 च्या मार्चपासून तर कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्यामुळे पंचविशीतल्या मुलांनी नगरसेवकासाठी कधी मतच दिले नव्हते, आणि चार वेळा बटण दाबायचे असते, हे अनेक ज्येष्ठही विसरले होते. प्रभागातल्या प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो. त्याप्रमाणे अ जागेला पांढरा, ब ला फिकट गुलाबी, क ला फिकट पिवळा आणि ड ला फिकट निळा अशा चार कागदांवर जागेचे अक्षर आणि रिकाम्या चौकटी छापून ते समजावून सांगायचे, असे ठरले. मालकांनी प्रत्येक कागदावर आडवा ‘नमुना’ शब्द टाकायला लावला. ती सूचना योग्यच होती. पण रविवारी, 11 तारखेला, गठ्ठे सोडले तर क जागेचे सर्व कागद पोपटी निघाले. पिवळा संपला होता आणि मुलाने “जवळचाच रंग आहे” म्हणून काम उरकले होते. ज्या एका गोष्टीसाठी रंग हवे होते, तीच बिघडली. मालक स्वतः स्कूटरवरून आप्पा बळवंत चौकात गेले, पण रविवारी दुकाने बंद. सोमवारी दुपारी पिवळे कागद मिळाले आणि आम्हाला वाटायला जेमतेम दीड दिवस उरला. पोपटी गठ्ठ्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत, हे नोंदवायला हवे.

दर आसपासच्या दुकानांइतकेच आहेत, फार स्वस्त नाहीत. मोठ्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात आमंत्रणपत्रिकांची गर्दी असते, त्यामुळे तेव्हा संध्याकाळी सहानंतर जाण्यात अर्थ नाही. पुढच्या निवडणुकीलाही मी काम इथेच देईन, फक्त पिवळा कागद स्वतः विकत घेऊन जाईन.