सात महिने ‘प्लॅनेटॉइड’: बीबीसी मायक्रोवरचा डिफेंडर

आधी पैशांचं सांगून टाकतो, कारण घरी पहिला प्रश्न तोच आला. बीबीसी मायक्रो मॉडेल बी, म्हणजे ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर, चालू स्थितीतला, ९० पौंड. ट्यूबचा जुना मॉनिटर ३५. ‘प्लॅनेटॉइड’ या गेमची कॅसेट, डबीसकट, ६ पौंड. बायको एवढंच म्हणाली, “चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.” हिशोब तिचाच बरोबर आहे. मशीन घेतलं ते या एका गेमसाठी.

त्याला कारण आहे. भारत सरकारच्या शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४ पासून काही शाळांना हेच बीबीसी मायक्रो मिळाले होते, त्यात आमचीही शाळा होती. चपला बाहेर काढायच्या, हात धुवून यायचं, दोघांत एक खुर्ची. आम्हाला बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पाढे छापायला लावायचे. शनिवारी शाळा सुटल्यावर मात्र सर हा गेम लावायचे आणि आम्ही चारपाच जण मागे उभे राहून बघायचो. हात लावायचा नाही, हा नियम. तेव्हापासून हात शिवशिवत होते म्हणा ना. आता इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, आणि इथे ही मशीनं अजून घराघरांच्या माळ्यांवरून निघतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आर्केडमधला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, ‘डिफेंडर’ विल्यम्स कंपनीचा, १९८१चा, यूजीन जार्विस यांनी बनवलेला. बीबीसीवर तो नील रेन यांनी १९८२ मध्ये हे मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर शाखेसाठी, अ‍ॅकॉर्नसॉफ्टसाठी लिहिला. सुरुवातीच्या प्रतींवर नाव ‘डिफेंडर’च होतं, नंतर ते बदलून ‘प्लॅनेटॉइड’ झालं. खाली डोंगरांची एक रेघ, तिच्यावर उभी दहा माणसं, वरून उतरणारी शत्रूची यानं, म्हणजे लँडर, आणि मध्ये उडणारं तुमचं यान. लँडर माणसाला उचलतो आणि सावकाश वर नेतो. वर पोचला की दोघांचा मिळून एक म्युटंट होतो, आणि तो थेट तुमच्या अंगावर येतो. वाटेत लँडरला टिपलंत तर माणूस खाली पडायला लागतो. फार उंचावरून पडला तर मेला. मग गोळी मारून लगेच खाली झेपावायचं, त्याला झेलायचं आणि जमिनीवर सोडून यायचं. सगळी माणसं गेली की जमीनच फुटते आणि उरलेले सगळे लँडर म्युटंट होतात. त्यानंतर जे होतं त्याला खेळ म्हणत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, बटणं. वर जायला ए, खाली झेड, पुढे रेटायला शिफ्ट, उलटं वळायला स्पेस, गोळीला रिटर्न, पडद्यावरचे सगळे शत्रू एकदम उडवणाऱ्या स्मार्ट बॉम्बला टॅब आणि जीव मुठीत धरून कुठेतरी गायब व्हायला एच. पहिला आठवडा मी या मांडणीला शिव्या घातल्या. डाव्या हाताला चार कामं आणि उजवा हात बसलाय नुसता रिटर्न बडवत, ही कुठली वाटणी? लोक आर्केडचे खेळ घरी आणतात तेव्हा दांडा (जॉयस्टिक) लावतात, इथे दांड्याचं नाव नाही.

मग एक दिवस लक्षात आलं की मूळ मशीनवरचा दांडासुद्धा फक्त वर आणि खालीच जायचा. पुढे रेटणं, वळणं, गोळी, बॉम्ब, गायब होणं ही सगळी पाच वेगळी बटणं होती. म्हणजे हा पहिल्यापासून बोटांचाच खेळ. इतर आर्केड खेळ कीबोर्डवर आले की लंगडतात, हा लंगडत नाही तो त्यामुळे. आमच्या आईकडे पेटी होती. डाव्या हाताने भाता आणि उजव्याने सूर, हे तिला कधी ठरवून करावं लागलं नाही. इथे करंगळी शिफ्टवर दाबलेली, शेजारची दोन बोटं ए आणि झेडवर, अंगठा स्पेसवर. तिसऱ्या महिन्यात कधीतरी मी बोटांकडे बघणं सोडून दिलं. अंगठ्याने वळायचं, करंगळी क्षणभर उचलायची म्हणजे यान जुन्याच दिशेला थोडं घसरत राहतं आणि तोंड मागच्या शत्रूकडे. हे एकदा जमलं की दुसरं काही खेळवत नाही.

मध्यंतरी जुनी आर्केड मशीनं लावलेल्या एका हॉलमध्ये खरा डिफेंडर मिळाला. मोठ्या तोऱ्यात उभा राहिलो आणि पहिलं यान दहा सेकंदांत घालवलं. माझी डावी करंगळी दांड्याशेजारच्या कोऱ्या पत्र्यावर दाबलेली होती आणि यान जागच्या जागी उभं. तिथे रेटायचं बटण उजव्या हाताला असतं! उलटं वळायचं मात्र तिथेही डाव्या अंगठ्यानेच, ते बघून बरं वाटलं. आवाजात आर्केड कितीतरी उजवं आहे. बीबीसीची चिप त्याच्यापुढे किरकिरते. वेगात मला फरक जाणवला नाही. ३२ केबी मेमरी, त्यातही सगळ्यात रंगीत मोड घेतला तर २० केबी पडद्यातच जाणार, हे धरून बघितलं तर नील रेन यांना दंडवत घालावासा वाटतो.

कॅसेटबद्दल मात्र रोमँटिक काही ऐकू नका. चेन टाइप करून दोन अवतरणचिन्हं द्यायची, प्ले दाबायचं, आत रिले ‘टक्’ वाजतो आणि पडद्यावर ब्लॉकचे आकडे चढायला लागतात. शेवटाशी आलं की हमखास ‘रिवाइंड टेप’, म्हणजे वाचताना चूक झाली, टेप मागे घ्या. कधी हेड पुसायचं, कधी आवाज अर्धी रेघ कमीजास्त करायचा. दोन महिने हौस केली, मग यूजर पोर्टला एसडी कार्डाचा जोड लावला. आता दोन सेकंदांत गेम समोर. कॅसेट कपाटात, दर्शनापुरती.

दुसऱ्याच आठवड्यात पॉवर सप्लायमधून ‘फट्’ झालं आणि खोलीभर जळक्या मासळीचा वास पसरला. चूक माझीच, चाळीस वर्षांपूर्वीचे कपॅसिटर आधी बदला, मगच बटण दाबा, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, चालतंय तोवर चालू दे. एका संध्याकाळचं सोल्डरिंग, दोन-तीन पौंडांचे सुटे भाग आणि आठवडाभर उघड्या खिडक्या, एवढ्यावर निभावलं. तुम्ही घेतलंत तर आधी बदला.

खऱ्या तक्रारी दोन. स्कोअर कुठेही साठत नाही, बटण बंद केलं की सगळं पुसलं. म्हणून मी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितो. ४० हजारांच्या पुढे एकदाच गेलोय, तारखेला लाल वर्तुळ आहे. दुसरी म्हणजे एच. एक तर तो दुसऱ्या हाताच्या वाटेत, त्यात गायब होऊन जिथे निघाल तिथे निम्म्या वेळा यान फुटतंच. मी तो वापरणं सोडून दिलंय.

मशीन न घेता खेळायचं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारे एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम, आहेत, फुकट. पण लॅपटॉपवर शिफ्ट पाचदा दाबलं की ऐन लढाईत पडद्यावर पाटी येते, स्टिकी कीज चालू करू का? ती सोय आधी बंद करा. सपाट बटणांवर करंगळी थकते तेही आहेच. सपाट टीव्हीला जोडाल तर चित्र निमिषभर उशिरा येतं, आणि पडणारा माणूस त्या निमिषातच मरतो. ट्यूबचा मॉनिटर घ्याच.

लेक बारा वर्षांची आहे. पहिले दोन महिने तिने याकडे ढुंकून बघितलं नाही. परवा मागे येऊन उभी राहिली आणि एकदम ओरडली, “बाबा, तो बघ पडतोय, पकड ना त्याला!” मी म्युटंटच्या मागे होतो, नाही पोचलो. “तुला गोळ्याच मारायच्या असतात,” म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. मी उठलो. आता शनिवारी मी मागे उभा असतो.