उत्तनचा कॅराव्हॅन मुक्काम : गाडी जेमतेम, गाव मात्र उत्तम

उत्तनच्या किनाऱ्यालगत एका आवारात उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये आम्ही सहकुटुंब राहून आलो. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री घरी परतता येईल असा समुद्र शोधणाऱ्या ठाणेकरांना या अनुभवाचा उपयोग व्हावा. घोडबंदर रस्त्याने काशीमिरा आणि तेथून भाईंदर पश्चिममार्गे उत्तन, असा हा प्रवास आहे. मात्र गायमुखच्या चढावर वाहने अडली की वेळेचा सगळा हिशेब कोलमडतो, त्यामुळे जेवण उरकून लवकर निघावे.

प्रथम गाडीविषयी. ती कोठेही जात नाही. विटांच्या आधारावर कायमची उभी आहे आणि वीज शेजारच्या खांबावरून घेतलेली आहे. आत दोघांसाठी पलंग, मुलांसाठी उघडून झोपता येणारा बाक, छोटा ओटा आणि अंग वळवताना कोपर आपटेल एवढे न्हाणीघर आहे. अंथरूण-पांघरूण स्वच्छ होते, वातानुकूलन व्यवस्थित चालले; परंतु दुसऱ्याची आंघोळ अर्ध्यावर असताना पाण्याची टाकी रिकामी झाली आणि ती भरून मिळेपर्यंत साबण लावून ताटकळावे लागले. मुक्कामाला येणारी माणसे किती हे आरक्षणाच्या वेळीच विचारले जात असेल, तर टाकी त्या मानाने आधीच भरून ठेवायला हरकत नसावी. रात्रीच्या जेवणाला पनीर आणि नूडल्स एवढेच मिळाले. तेवढ्यासाठी घोडबंदर रस्ता ओलांडण्याची गरज नव्हती.

पैसे वसूल होतात ते आवाराबाहेर पडल्यावर. सकाळी किनाऱ्याने चालत गेल्यास बांबूंच्या वलांड्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा दिसतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची, हे काम तेथील कोळणी बोलता बोलता इतक्या झपाट्याने करतात की आपली नजर मागे पडते. वासाची सवय नसलेल्यांनी मात्र वाऱ्याची दिशा पाहूनच थांबावे. येथील कोळी समाज बहुसंख्येने ख्रिस्ती आहे, त्यामुळे भाटेबंदरच्या वेलंकणी तीर्थस्थानी मराठी प्रार्थना कानावर पडते.

उत्तनजवळच्या चौक गावातील धारावी किल्ला चुकवू नये. तटबंदीचे अवशेष थोडेच उरले आहेत. पण वसईच्या खाडीचे मुख आणि पलीकडचा वसईचा किनारा एका नजरेत आला की पोर्तुगीजांविरुद्धच्या १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांना ही जागा ताब्यात का हवी होती, हे वेगळे सांगावे लागत नाही. चिमाजी अप्पांचा पुतळाही तेथे आहे. वेळ उरल्यास गोराईचा पॅगोडा पाहावा. खांबांच्या आधाराविना उभा असलेला त्याचा प्रचंड घुमट मुलांना विशेष आवडतो.

पोहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्यांची निराशा होईल, कारण किनारा बराचसा खडकाळ आणि पाणी गढूळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि पावसामुळे वलांड्याही मोकळ्या दिसतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. भाडे शहरातल्या मध्यम हॉटेलइतके आहे. आरक्षण करताना टाकीची क्षमता आणि जेवणात मासे मिळतील की नाही, या दोन गोष्टी फोनवर स्पष्ट विचारून घ्याव्यात.