स्पर्धेत मलम करावं की इमल्शन?

कंपाउंडिंगच्या, म्हणजे हाताने औषध बनवण्याच्या, स्पर्धेत प्रकार निवडायची मुभा असेल, तर नागपूरच्या बी. फार्मच्या पोरांचा हात आधी मलमाकडे जातो. साहजिक आहे. सल्फर ऑइंटमेंट घ्या: गंधक बारीक चाळायचं, थोड्या बेसमध्ये (ज्यात औषध मिसळतात तो मऊ, तेलकट पदार्थ) टाइलवर स्पॅच्युलाने घोटायचं, मग उरलेला बेस थोडा थोडा मिसळत जायचा. चुकलं तर पुन्हा घोटता येतं. पण परीक्षकाने बोटावर चोळून पाहिलं आणि कण खरखरला, की गुण गेले. त्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. व्हाइट सॉफ्ट पॅराफिनचा (पेट्रोलियम जेलीचा) बेस असेल तर तो डबीत भरेपर्यंत पातळ व्हायला लागतो.

इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण, मात्र माफ करत नाही. ड्राय गम पद्धतीत एरंडेलासाठी तेल, पाणी, डिंक यांचं प्रमाण ४:२:१, लिक्विड पॅराफिनसाठी ३:२:१. खल कोरडा ठणठणीत हवा. तेलात डिंक मिसळला की मोजलेलं पाणी एकदम ओतायचं आणि एकाच दिशेने, न थांबता घोटायचं. रंग दुधाळ झाला आणि बत्त्याखाली चटचट आवाज आला, म्हणजे प्रायमरी (पहिल्या टप्प्याचं घट्ट) इमल्शन जमलं. नाही जमलं तर सावरत बसू नका, नव्याने घ्या.

तरी हात बसलेला असेल तर मी इमल्शनच सांगेन. कौशल्य लगेच दिसतं, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) क्रीमिंग (तेलाचे थेंब वर जमणं) आणि क्रॅकिंग (तेल-पाणी कायमचं वेगळं होणं) यांवर बोलायला भरपूर मिळतं. पहिल्यांदाच उतरणाऱ्याने मात्र मुकाट्याने मलम घ्यावं. लेबलवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ लिहायला तेवढं विसरू नये. इमल्शनवाल्यांनी ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवा’.